बसंती केदार, देवल क्लब आणि मैफलीनंतर ताईंशी झालेलं बोलणं

उद्यमनगरी

शनिवारी कोल्हापूरच्या देवल क्लबात, म्हणजे आपल्या जुन्या गायन संस्थेत, ज्या ताई गायल्या, त्यांचं गाणं मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. आधी सांगली आकाशवाणीवर, मग कॅसेटींवर, आता मोबाईलवर. समोर बसून अख्खी मैफल ऐकायचा आणि नंतर त्यांच्याशी बोलायचा योग मात्र यंदा आला. नाव लिहीत नाही. आत झालेलं बोलणं लोकांना सांगितलं तर चालेल का, असं त्यांना विचारलं होतं. "गाण्याबद्दलचं खुशाल लिहा, माझं नाव नको," म्हणाल्या. जे हजर होते त्यांना कळेलच. त्यांनीही प्रतिसादात नाव टाकू नये, ही विनंती.

धागा काढायचं कारण असं की, मैफलीनंतर कलाकाराला भेटायचं तर बोलायचं काय, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडतो. दारापर्यंत जाऊन परत फिरणारे मी पाहिलेत. मला आता याबद्दल ठाम काहीतरी वाटतं, पण ते मैफल सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

वसंतपंचमी नुकतीच होऊन गेली होती. दोन तानपुरे, संवादिनी, तबला. तानपुरे लावायला त्यांनी भरपूर वेळ घेतला आणि सभागृहानंही तो दिला. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. कोल्हापूरच्या श्रोत्याचं हे मला फार आवडतं. तानपुरा जुळेपर्यंतचा वेळही तो मैफलीतच धरतो.

सुरुवात जैत कल्याणानं. मध्यम आणि निषाद (म आणि नी) वर्ज्य, उरले सा रे ग प ध. हेच पाच स्वर भूपाचे आणि हेच देशकाराचे. भूपात गंधाराला (ग) मान, देशकारात धैवताला (ध), जैत कल्याणात पंचमाला (प). स्वर तेच ठेवून माणूस दुसऱ्या रागात सरकत नाही, यातच गाणाऱ्याची परीक्षा आहे. लय जयपूर घराण्याची, म्हणजे विलंबित तीनताल असूनही ठेका चालता. अतिविलंबित नाही, त्यामुळे दर आवर्तनात काहीतरी बांधून सोळा मात्रांत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावंच लागतं. आरामाला जागा नाही. ताईंचं वय आता साठीच्या पुढे असणार, पण दमसास असा की एक आकार सुरू झाला की आपलाच श्वास अडकतो. पंचमावर येताना दर वेळी त्या वेगळ्या वाटेनं आल्या. कधी गंधारावरून उडी, कधी धैवताला स्पर्श करून खाली, कधी वरच्या षड्जावरून थेट. तासभर पंचम ऐकला आणि पंचमाचा कंटाळा आला नाही.

मध्यंतरानंतर बसंती केदार.

इथं जरा थांबून सांगतो, कारण माझ्या लेखी सगळी मैफल इथं होती. केदार आणि वसंत मिळून झालेला हा जोडराग अल्लादियाखाँसाहेबांच्या, म्हणजे जयपूर घराण्याचा खास. केदारात रिषभ-धैवत शुद्ध, वसंतात दोन्ही कोमल. म्हणजे एकाच बंदिशीत शुद्ध धैवतही येणार आणि कोमल धैवतही येणार, आणि दोन्ही ठिगळ न दिसता यायला हवेत. मग सांधा कुठं? दोन्ही रागांत एक गोष्ट सारखी आहे. षड्जावरून सरळ शुद्ध मध्यमावर जाणं. केदार तर 'सा म' म्हटल्यावरच ओळखू येतो, आणि वसंतातही खाली आल्यावर हाच शुद्ध मध्यम ललत रागाच्या अंगानं भेटतो. ताईंनी आधी 'सा' लावला, मग 'म' लावला आणि तिथंच राहिल्या. एका चौकात समोरासमोर दोन वाड्यांची दारं उघडी असावीत आणि आपण मधोमध उभं असावं, तसा तो मध्यम होता. केदारात जाणार की वसंतात, काही कळेना. पहिल्यांदा केदारात गेल्या. पुढच्या आवर्तनात त्याच मध्यमावरून वर चढताना तीव्र मध्यम आणि कोमल धैवत लागला, आणि माझ्या शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ "अहाहा" म्हणून पुढेच सरकले.

तेवढ्यात मला दुसरी गोष्ट जाणवली. आधीचा तासभर आपण मध्यम ऐकलेलाच नाही! जैत कल्याणात तो नव्हताच. म्हणून आत्ताचा हा मध्यम इतका अंगावर आला. हे ठरवून केलं असेल का, हा प्रश्न भैरवी संपेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

मैफल संपल्यावर आत जायला रांग होती. फोटो, सह्या, पाया पडणं, सगळं चाललं होतं. ताई प्रत्येकाशी हसून बोलत होत्या. मी कडेला थांबलो. कार्यकर्ते सतरंज्या गुंडाळत होते, दोन शिष्या तानपुऱ्यांना गवसण्या घालत होत्या. गर्दी ओसरल्यावर पुढे गेलो, नमस्कार केला आणि मनात होतं तेच विचारलं: "ताई, जैत कल्याण आधी घेतलात तो मध्यमासाठी का?"

त्या पाण्याचा पेला ओठाला लावत होत्या. तो खाली ठेवला. म्हणाल्या, "बसा."

मग म्हणाल्या, "आमच्या गुरुजींची ही पद्धत. ज्या स्वराचं पुढं मोठं काम आहे, तो आधी खर्च करायचा नाही. राग निवडताना पहिला आणि दुसरा यांच्यात काय वाटून द्यायचं, हे ते घरूनच ठरवून निघायचे. सांगायचे मात्र कुणाला नाहीत. तुम्ही शिकता का?"

मी म्हटलं, "नाही ताई. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे."

"मग कान कुठं तयार झाला?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं की दिवसभर मोटरी ऐकायच्या हाच धंदा आहे. थ्री फेज मोटरची एक फेज गेली तर ती जागेवर घुं करते, फिरत नाही. बेअरिंग गेलं तर आवाज खरखरीत होतो, वाइंडिंग शॉर्ट असेल तर गुंजन जड होतं आणि लगेच तापते. गिऱ्हाईक काय सांगतं त्याआधी मी चालू करून कान देतो. ताई इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या की मीच थोडा बावरलो. त्यांनी विचारलं, "चांगल्या मोटरचा स्वर कुठला असतो?" म्हटलं, "आपली वीज पन्नास हर्ट्झची, लोखंड तिच्या दुपटीनं थरथरतं, म्हणजे शंभर. तुमच्या पेटीतल्या पांढरी पाच पट्टीच्या खालच्या सप्तकातल्या षड्जाच्या जरा वर." त्यांनी शिष्येला हाक मारली. तिनं गवसणी काढून तानपुरा पुन्हा उभा केला, खर्जाची तार छेडली. ताईंनी मला म्हटलं, "किती वर, दाखवा." मी गुणगुणून दाखवलं. गाऊन नाही, मोटर जशी करते तसं. त्या म्हणाल्या, "बरोबर, हे चढं आहे." आणि मग, तानपुरा सुरूच होता म्हणून, तो मध्यम पुन्हा लावला. अगदी हळू, समोर बसलेल्या माणसाला ऐकू येईल एवढाच. आधी केदाराचा, मग वसंताचा. म्हणाल्या, "स्वर एकच आहे. मागून कुठून आलात त्यावर तो कुणाचा ते ठरतं. मला आधी नुसता केदार शिकवला, मग नुसता वसंत. दोन्ही एकमेकांना ओळखत नव्हते तोवर हा राग शिकवला नाही."

माझं म्हणणं एवढंच आहे. भेटायला जाताना आपण काय ऐकलं ते घेऊन जा. स्टेजवर दिवे डोळ्यांवर असतात, पहिल्या दोन ओळींपलीकडचे चेहरे दिसत नाहीत, आणि टाळी सगळ्याच गोष्टींना सारखी पडते. आपलं कुठलं काम कुणापर्यंत पोचलं हे गाणाऱ्याला कळायचा दुसरा मार्ग काय? "खूप छान झालं" म्हणालात तर तेही प्रेमानंच म्हणता, ते चुकीचं नाही. पण "त्या अमुक जागेला असं वाटलं" म्हणालात तर समोरचा माणूस तुमच्याबरोबर त्या जागेवर परत येतो. शास्त्र यायला हवं असंही नाही. रागाचं नाव माहीत नसेल तरी "मध्यंतरानंतर सुरुवातीला एका सुरावर थांबलात तेव्हा काटा आला" एवढं कुणालाही सांगता येतं.

तुमचे अनुभव लिहा.

---

पेठेतली

मी होते! तुमच्या मागच्या रांगेत असेन बहुतेक, कारण ते "अहाहा" म्हणणारे काका मलाही आठवतात. मध्यमाचं तुम्ही लिहिलंय ते वाचून परत एकदा ऐकल्यासारखं झालं. मला मात्र ती भैरवी जास्त लागली. बाहेर पडून मिरजकर तिकटीपर्यंत चालत आले तरी रिक्षा करायची आठवण झाली नाही.

जुना_श्रोता

उद्यमनगरी, फार मन लावून लिहिलंत. देवल क्लबात बसून बसंती केदार ऐकायला मिळणं याला मागं मोठा इतिहास आहे, तो नव्या मंडळींसाठी थोडा लिहितो.

देवल क्लब १८८३ चा. अल्लादियाखाँसाहेब राजस्थानातल्या उणियाऱ्याचे, जन्म १८५५. शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास त्यांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं आणि महाराज १९२२ ला जाईपर्यंत ते इथंच होते. नंतर मुंबईला गेले, १९४६ ला वारले. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली म्हणतो ती गायकी नावानं तिकडची असली तरी ती पिकली आपल्या गावात.

तुम्ही चालता ठेका, दर आवर्तनात काहीतरी बांधणं लिहिलंय, त्या गायकीमागं एक गोष्ट सांगतात. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गायला लागल्यामुळं खाँसाहेबांचा आवाज बसला. बराच काळ गाणंच थांबलं. परत आला तो आवाज पहिल्यासारखा गोड, लवचिक नव्हता. मग त्या आवाजाला जे जमेल, जे शोभेल, त्यातून त्यांनी गायकी नव्यानं बांधली. जड, गमकयुक्त, एकातून एक निघत जाणारी. पुढं ज्यांचे आवाज निकोप होते, अशा केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिकांनी हीच गायकी घेतली आणि तिचं सोनं झालं. केसरबाईंचं तर पहिलं शिक्षणच कोल्हापुरात. लहान असताना काही महिने त्या इथं अब्दुल करीमखाँसाहेबांकडं शिकल्या. अल्लादियाखाँसाहेबांकडं रीतसर तालीम १९२१ पासून.

गायक मल्लिकार्जुन मन्सूरांनी आधी मंजीखाँकडं आणि ते गेल्यावर भूर्जीखाँकडं घेतलं. दोघे खाँसाहेबांचेच चिरंजीव. धोंडूताई कुलकर्णी जन्मानंच कोल्हापूरच्या, त्याही भूर्जीखाँच्या आणि नंतर केसरबाईंच्या शिष्या. शनिवारच्या ताई कुठल्या फांदीच्या ते लिहीत नाही, लिहिलं तर नाव सांगितल्यासारखं होईल. पण त्यांनी जे सांगितलं, की दोन्ही राग सुटे पक्के झाल्याशिवाय जोडराग शिकवत नाहीत, ती या घराण्याची जुनीच शिस्त.

रंकाळा_पश्चिम

भावा, लिहिलंयस एक नंबर. पण माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो.

मैफलीनंतर कलाकाराला एकटं सोडावं. तीन तास मांडी घालून, दिव्यांखाली, पूर्ण ताकद लावून गायलेलं असतं. मी दुसऱ्या एका गावात एका कार्यक्रमाच्या आयोजनात मदतीला होतो. गायक सकाळपासून तापानं फणफणलेले, गोळी घेऊन गायले. संपल्यावर फोटोसाठी लोक थांबलेले. आयोजकांनी एकालाही अडवलं नाही. ते उभे राहून फोटो देत होते आणि मागं त्यांची पत्नी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. त्या दिवसापासून मी आत जायचं बंद केलं. आपल्याला त्यांनी जे द्यायचं ते स्टेजवर दिलेलं असतं. तुझ्या प्रश्नामुळं ताईंना आनंद झाला हे खरं, पण तुझ्यासारखं वाटून प्रत्येक जण "एकच प्रश्न" घेऊन गेला तर?

उद्यमनगरी

रंकाळा_पश्चिम, तुझं म्हणणं मला पटतं आणि ते धाग्यात यायला हवंच होतं. तापाची गोष्ट वाचून वाईट वाटलं.

शनिवारी मी शेवटी गेलो, आणि त्यांनी "बसा" म्हटलं म्हणून बसलो. नसत्या म्हणाल्या तर नमस्कार करून निघालो असतो. दारातूनच चेहऱ्यावर दिसतं माणूस दमलाय की बोलायच्या मूडमध्ये आहे. दमलेला दिसला तर दारातूनच हात जोडावेत, यात माझं-तुझं एकमत आहे. पण सगळ्यांनीच कधीच जाऊ नये, हे मला पटत नाही. त्या दिवशी ताई स्वतःहून म्हणाल्या होत्या की फोटोंच्या रांगेत एक लहान मुलगा सोडला तर गाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. त्यात तक्रार नव्हती, पण वाट पाहत होत्या हे दिसत होतं.

तिहाई

मी तबला वाजवतो, साथीला जातो, त्यामुळं दाराच्या आतल्या बाजूनं लिहितो.

रंकाळा_पश्चिम म्हणतात ते खरं, आणि उद्यमनगरी म्हणतात तेही खरं. गाऊन उठलेला माणूस लगेच गाण्यातून बाहेर येत नाही. अंग थकतं, पण डोकं अजून त्या रागातच असतं. अशा वेळी कुणी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या तर त्रास होतो, आणि कुणी त्याच रागातलं विचारलं तर तो बोलायला लागतो. मी कित्येकदा पाहिलंय. जेवण गार होतं आणि हे बंदिशीवर बोलत बसतात.

माझी एक विनंती आहे. आत गेलात की साथीदारांशीही दोन शब्द बोला. जयपूरच्या गाण्याला ठेका धरणं हे काम ऐकायला सोपं वाटतं, तसं ते नाही. गाणारा लयीच्या अंगानं आडवा-तिडवा चाललेला असतो, सम कुठं पडणार याची त्याला खात्री असते, आणि ती खात्री आमच्या ठेक्यावर उभी असते. लय केसभर चढली तरी त्याचा मुखडा, म्हणजे समेवर येणारी बंदिशीची सुरुवात, बसत नाही. दोन तास हात न चढवता ठेवणं म्हणजे मनगटाचं नाही, मनाचं काम आहे. संवादिनीवाल्याचंही तेच. गाणारा पुढं कुठं जाणार हे कळलं तरी त्याच्या आधी तिथं पोचायचं नाही. आणि मागं तानपुऱ्यावर बसलेल्या त्या मुली! त्यांच्याकडं कुणी बघतही नाही. पण तानपुऱ्याची लय आणि वजन सारखं राहिलं नाही तर पुढचा माणूस गाऊच शकत नाही.

आपल्या गावाला हे सांगायला नको खरं तर. देवल क्लबाच्या रंगमंदिराला नाव आहे ते गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे एका संवादिनीवादकाचं. 'मानापमान'ची पदं त्यांनी बांधली, १९१३ ला बालगंधर्व आणि बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, पण लोकांनी त्यांना मानलं ते आधी पेटीसाठी.

मिरजवाले

तिहाईंनी तानपुऱ्याचा विषय काढलाच आहे तर आमच्या गावचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शनिवारचे दोन्ही तानपुरे मिरजेचे असणार असं मी पैजेवर सांगतो. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, ते कापून, वाळवून, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग असा घासायचा की तार सुटताना त्यावर किंचित लोळली पाहिजे. तिथूनच तो भरलेला आवाज येतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून गाणारा तो नाद शोधत असतो, म्हणून लावायला इतका वेळ लागतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील तर त्यात नवल नाही.

लोक हल्ली इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात. रियाजाला चालतो. पण उद्यमनगरी, ताईंनी तुमच्या मोटरचा स्वर पडताळायला गवसणी काढून खरा तानपुरा उभा करायला सांगितला, यातच सगळं आलं.

पेठेतली

मोबाईलचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. शनिवारी रेकॉर्डिंग करू नका अशी सूचना सुरुवातीला झाली, तरी माझ्या पुढच्या एकानं मांडीवर मोबाईल ठेवून रेकॉर्ड केलंच. मला राग आला. मैफलीत गाणारा नवीन काहीतरी धाडस करत असतो, कधी एखादी जागा हवी तशी लागत नाही, पुढच्या आवर्तनात तो ती सुधारतो. समोर बसलेल्याला तो सगळा प्रवास कळतो. दीड मिनिटाच्या तुकड्यात फक्त ती न लागलेली जागा फिरत राहते.

केसरबाईंनी ध्वनिमुद्रणं फारच मोजकी दिली, आपलं गाणं कुठं, कुणापुढं ऐकलं जावं याबद्दल त्या काटेकोर होत्या. आणि त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात, यानं सुटून काहीच दिवस झाले होते, तेव्हा त्या गेल्या. हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

जुना_श्रोता

पेठेतली, अगदी खरं.

एक वेगळं दुःखही इथं लिहितो. या सगळ्या आठवणींत केशवराव भोसले नाट्यगृह असायचंच. १९१५ चं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं, शेजारी खासबाग कुस्ती मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायक-नट केशवरावांची जयंती. त्या पहाटे कितीतरी लोक नुसते समोरच्या रस्त्यावर येऊन उभे होते. कुस्तीतले पैलवानही होते आणि गाणारेही. आमच्या पिढीनं ज्यांना ज्यांना ऐकलं आणि आत जाऊन नमस्कार केला, त्यातले अर्धे त्या विंगेत भेटलेत.

सातवीतल्या_मुलीची_आई

सगळं वाचून काढलं. माझी मुलगी सातवीत आहे, गाणं शिकते. पुढच्या महिन्यात तिच्या आवडत्या गायिकेचा कार्यक्रम आहे आणि तिला भेटायचंच आहे. आत्तापासून वहीत प्रश्न लिहितेय. "तुम्ही रोज किती तास रियाज करता", "तुमचा आवडता राग कुठला" वगैरे. मी तिला काय सांगू? तिचा उत्साह मोडायचा नाही, पण तिला खरंच काहीतरी मिळावं असं वाटतं.

तिहाई

ताई, ती वही तिच्याजवळ राहू द्या, पण प्रश्न मैफल ऐकताना लिहायला सांगा. घरून नेलेले प्रश्न कुठल्याही कलाकाराला चालतात, म्हणून त्यांची उत्तरंही कुठलीही मिळतात. ऐकताना तिला एक जागा जरी अशी वाटली की "हे कसं केलं?", तर तेच विचारावं. आणि शक्य असेल तर आयोजकांना विचारून आधी तानपुरे लावत असतात तेव्हा तिला नेऊन बसवा. मैफलीपूर्वी बोलायचं अजिबात नाही, नुसतं ऐकायचं. गाणारा आवाज कसा तापवतो, माईकवाल्याला काय सांगतो, तबला कुठल्या सुरात लावून घेतो, हे शिकायला दुसरी शाळा नाही.

उद्यमनगरी

तिहाईंशी पूर्ण सहमत. त्यात भर एवढीच: मुलीला म्हणावं, तू शिकतेस हे त्यांना सांग आणि आत्ता काय शिकतेस तेही सांग. मोठे गाणारे लहान मुलांना फार जपतात. शनिवारी माझ्या आधी रांगेत एक मुलगा होता, दहाएक वर्षांचा. त्यानं सांगितलं की तो भूप शिकतोय. ताईंनी विचारलं, "मग आज मी पहिल्यांदा गायले तो भूप होता का?" पोरगं विचारात पडलं. म्हणालं, "स्वर तेच होते, पण भूप नव्हता." ताईंनी त्याच्या वडिलांकडं बघून म्हटलं, "याला नीट शिकवा." फोटो वगैरे नंतर झाला, पण तो मुलगा जाताना वडिलांना पंचमाबद्दलच काहीतरी सांगत होता.

रंकाळा_पश्चिम

हे वाचून माझं मत थोडं हललं हे कबूल करायला हवं. पोरांनी जावं. मोठ्यांनी दारातला चेहरा बघून ठरवावं.

आता मला एक सांगा. मी बरंचसं नाट्यसंगीत आणि अभंग ऐकणारा माणूस. बसंती केदार समजून ऐकायचा तर सुरुवात कुठून करू?

जुना_श्रोता

थेट बसंती केदारापासून करू नका. आधी केदार भरपूर ऐका, कुणाचाही, रात्रीच्या वेळी. 'सा म' कानात बसू द्या. मग वसंत ऐका. कोमल रिषभ-धैवत आणि वरच्या षड्जाकडची ओढ लक्षात येईल. ही तयारी झाली की मन्सूरांचा बसंती केदार लावा. आणि घाई करू नका, महिना लागला तर लागू द्या.

रंकाळा_पश्चिम

जमवतो. एकट्यानं ऐकून मात्र कळेल असं वाटत नाही, कुणीतरी शेजारी हवं.

उद्यमनगरी

सोमवारी उद्यमनगर बंद असतं, तेव्हा दुकानात ये. मागच्या खोलीत चांगले स्पीकर लावलेत. पहिल्या सोमवारी नुसता केदार, दुसऱ्या सोमवारी वसंत. तिहाई, तुम्हीही या, ठेका समजावून सांगायला कुणीतरी लागेल. जुने श्रोते काका आले तर खुर्चीची सोय आहे, खाली बसायला लावणार नाही.

तिहाई

येतो. डग्गा-तबला घेऊनच येतो, म्हणजे तुमच्या मोटरचा स्वरही मोजता येईल.

जुना_श्रोता

सोमवारी संध्याकाळी सहानंतर जमवा, त्याआधी माझा फिरायला जायचा वेळ असतो. केदार तसाही रात्रीचाच. दुकानाचा पत्ता खासगी निरोपात पाठवा.